म्यानमारमधला सत्तापालट, आपली तूर आणि माझा चुकलेला सल्ला

फेब्रुवारी २०२१. कॉलेज अजून धड उघडलेलं नव्हतं, म्हणून मी वालूरलाच घरी होते. काकांनी त्या वर्षीची तूर विकली नव्हती. पोती ओसरीतच थप्पी लावून ठेवलेली. टीव्हीवर म्यानमारची बातमी लागली. १ फेब्रुवारीला तिथल्या लष्करानं निवडून आलेल्या सरकारला हटवलं होतं आणि आंग सान सू ची यांना ताब्यात घेतलं होतं. काकांनी विचारलं, "तिकडं मिलिटरी आली म्हनं. मंग बर्माची तूर बंद होईल का? तू तर हेच शिकायलीस ना बाई, सांग बरं."

मी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएचडीसाठी नुकतीच नोंदणी केली होती. मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "काका, लोकशाही पाडली की बाकीचे देश निर्बंध लावतात. आवक घटेल. थांबा थोडं."

काका थांबले. १५ मे रोजी केंद्र सरकारनं तूर, मूग आणि उडदाची आयात मोकळी केली. सेलूच्या मोंढ्यात भाव नरमला. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली, बी-खताला पैसा लागत होता, तेव्हा काकांनी तूर घातली. मार्च-एप्रिलमध्ये घातली असती तर दोन पैसे जास्त मिळाले असते. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून विचार करतेय की माझं नेमकं कुठं चुकलं. आजचा लेख त्याच चुकीबद्दल आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांना ही चूक आधीच कळलेली बरी.

'प्रतिसाद' ही एक गोष्ट नाही

माझी पहिली चूक म्हणजे मी 'भारताचा प्रतिसाद' ही एकच वस्तू धरली. परदेशात सत्तापालट झाला की एखादा देश निदान तीन ठिकाणी प्रतिसाद देत असतो. पहिलं ठिकाण म्हणजे शब्द: परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन काय म्हणतं, 'सत्तापालट' हा शब्द वापरतं का. दुसरं म्हणजे मत: संयुक्त राष्ट्रांत ठरावाच्या बाजूनं हात वर होतो, विरोधात होतो, की देश तटस्थ राहतो. तिसरं म्हणजे व्यवहार: मदत, शस्त्रं, व्यापार, बँकेचे रस्ते चालू राहतात की बंद होतात.

या तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळेल असं समजू नका. मी शब्द ऐकून व्यवहाराचा अंदाज बांधला आणि तिथंच फसले.

एका शब्दाची किंमत

'हा सत्तापालट आहे' एवढं म्हणायला देश इतका वेळ का लावतात? कारण काही ठिकाणी या शब्दाला कायद्याची किंमत असते. अमेरिकेच्या कायद्यात तरतूद आहे की निवडून आलेलं सरकार लष्करानं हटवलं, तर त्या देशाची बरीचशी मदत थांबवावी लागते. जुलै २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्करानं निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना हटवलं. इजिप्तला अमेरिकेकडून वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलरची लष्करी मदत मिळते. सुएझ कालवा तिथं आहे, इस्रायलशी शांतता करार केलेला हा देश आहे. ओबामा सरकारनं काही शस्त्रांचा पुरवठा काही काळ रोखला, पण सत्तापालट हा शब्द अधिकृतपणे वापरलाच नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये २६ जुलै २०२३ ला सत्तापालट झाला. तिथं अमेरिकेनं हा शब्द वापरला, पण ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त वेळ घेऊन. अगादेझ इथं अमेरिकेचा ड्रोन तळ होता आणि आपण हललो तर जागा रशिया घेईल ही धास्ती होती. शेवटी नायजरनंच अमेरिकी सैन्याला निघून जायला सांगितलं आणि एप्रिल २०२४ मध्ये रशियाचे लष्करी प्रशिक्षक तिथं पोहोचले.

या दोन उदाहरणांत हितसंबंध आणि स्पर्धा एकमेकांत गुंतलेले दिसतात. संशोधकाचं काम त्यांना वेगळं करायचं असतं. ते किती अवघड आहे, हे आपल्या शेजारच्या उदाहरणावरून पाहू.

म्यानमार २०२१: तीन ठिकाणं, तीन उत्तरं

शब्द: सत्तापालटाच्या दिवशीच भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं निवेदन काढलं. घडामोडींबद्दल तीव्र चिंता, कायद्याचं राज्य आणि लोकशाही प्रक्रिया टिकली पाहिजे, असा त्याचा आशय होता. निषेध नव्हता. २७ मार्चला म्यानमारच्या सैन्यदल दिनाच्या संचलनाला ज्या आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते, त्यांत भारत होता. त्याच दिवशी देशभर शंभराहून जास्त नागरिक मारले गेले.

मत: १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवर ठराव आला. त्यात लष्कराला शस्त्रं जाऊ देऊ नयेत असं आवाहन होतं. बाजूनं ११९, विरोधात एकटा बेलारूस, आणि ३६ देश तटस्थ. भारत तटस्थ राहिला. पुढं २१ डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेत ठराव आला तेव्हा १२ बाजूनं आणि ३ तटस्थ: चीन, रशिया, भारत.

व्यवहार: त्याच जून २०२१ मध्ये भारत आणि म्यानमार यांच्यात कडधान्यांचा समझोता जाहीर झाला. २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, खासगी व्यापाऱ्यांमार्फत.

आता एकाच महिन्यात तटस्थ मत आणि डाळीचा समझोता दिसला की डोक्यात लगेच वाक्य तयार होतं: 'भारतानं डाळीसाठी लोकशाही सोडली.' मी हे वाक्य माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये जवळपास असंच लिहिलं होतं. गाईडनी शेजारी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, "कशावरून?"

डाळीनं मत ठरवलं का?

'कशावरून' या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी उलटं उदाहरण शोधावं लागतं. लष्कराची राजवट नसताना भारत म्यानमारच्या डाळीशी कसा वागला?

२०१७ आठवा. आपल्या भागात कोणीच विसरलेलं नाही. २०१५-१६ मध्ये देशात तूर जेमतेम २५ लाख टन झाली होती, आणि २०१६-१७ मध्ये उत्पादन पावणेएकोणपन्नास लाख टनांच्या आसपास गेलं. हमीभाव बोनससकट ५,०५० रुपये होता आणि मोंढ्यात तूर त्याच्या कितीतरी खाली विकली जात होती. खरेदी केंद्रांवर रांगा, बारदाना नाही, ट्रॅक्टर दिवसेंदिवस उभे. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं आयातीवर मर्यादा घातली: तूर वर्षाला २ लाख टन, उडीद आणि मूग मिळून ३ लाख टन. त्याचा मोठा फटका म्यानमारच्या शेतकऱ्यांना बसला, कारण त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारत होता.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. २०१७ मध्ये म्यानमारमध्ये निवडून आलेलं सरकार होतं, आणि भारतानं दार लावून घेतलं. २०२१ मध्ये तिथं लष्कर आलं, आणि भारतानं दार उघडलं. म्हणजे डाळीचं दार म्यानमारमध्ये राज्य कोणाचं यावर हलत नव्हतं. ते भारतातल्या डाळीच्या भावावर हलत होतं.

दुसरी तपासणी. १५ मे २०२१ ची मोकळीक फक्त म्यानमारसाठी नव्हती, सगळ्या देशांसाठी होती. त्याच वर्षी मोझांबिकबरोबर दरवर्षी २ लाख टन तुरीचा समझोता पुढं वाढवला गेला आणि मलावीबरोबर ५० हजार टनांचा झाला. तिथं सत्तापालट झालेला नव्हता. तेव्हा म्यानमारचा समझोता ही लष्कराला दिलेली खास भेट होती, असं म्हणायला आधार सापडत नाही.

मग डाळीचा या सगळ्याशी काहीच संबंध नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. भारत जो उडीद आयात करतो, त्यातला बहुतेक म्यानमारमधूनच येतो. तुरीला आफ्रिकेचा पर्याय आहे, उडदाला तसा मोठा पर्याय नाही. त्यामुळे व्यापारी निर्बंध हा मार्ग भारतासाठी पहिल्यापासूनच महाग होता. डाळीनं मत ठरवलं असं सिद्ध होत नाही. पण व्यापार तोडण्याचा पर्याय तिनं अवघड केला, हे म्हणता येतं. या दोन वाक्यांतला फरक म्हणजे माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण आहे.

मग मत कशानं ठरलं?

१८ जूनच्या मतदानाची यादी काढा आणि नकाशा शेजारी ठेवा. म्यानमारला जमिनीची सीमा लागणारे पाच देश आहेत: भारत, चीन, बांगलादेश, थायलंड, लाओस. पाचही तटस्थ राहिले. या पाचांचा म्यानमारशी असलेला व्यापार वेगवेगळ्या प्रकारचा आहे, राज्यव्यवस्था वेगवेगळ्या आहेत. सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, सीमा.

उलट सिंगापूर पाहा. म्यानमारमधल्या सर्वात मोठ्या परदेशी गुंतवणूकदारांत त्याचं नाव येतं. पैसा अडकलेला, पण सीमा नाही. सिंगापूरनं ठरावाच्या बाजूनं मत दिलं. (गंमत म्हणजे खुद्द म्यानमारचं मतही ठरावाच्या बाजूनं पडलं, कारण तिथले राजदूत चॉ मो तुन हटवलेल्या सरकारशी निष्ठा ठेवून बसले होते.) अर्थात एवढ्यावरून निकाल देऊ नका. हा ठराव बंधनकारक नव्हता, त्यामुळे बाजूनं मत देऊनही सिंगापूरचा व्यापार थांबणार नव्हता. तरी 'जिथं पैसा तिथं गप्प' हे सरळ सूत्र इथं लागू पडत नाही, एवढं नक्की दिसतं.

भारताची म्यानमारशी १,६४३ किलोमीटरची सीमा आहे: अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम. ईशान्येतल्या बंडखोर गटांचे तळ पलीकडे आहेत आणि त्यांना आवरायला पलीकडच्या लष्कराची मदत लागते. त्यात भर चीनची.

चीनचा मुद्दा समजायला १९८८ कडं जावं लागतं. त्या वर्षी बर्मात मोठं लोकशाही आंदोलन झालं आणि १८ सप्टेंबरला लष्करानं सत्ता घेतली. तेव्हा भारत उघडपणे आंदोलकांच्या बाजूनं होता. पळून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा दिला, आकाशवाणीच्या बर्मी प्रसारणातून लष्करावर टीका झाली. देश तोच, सीमा तीच, तरी प्रतिसाद अगदी उलटा. म्हणजे सीमा एकटी पुरत नाही, मध्ये काहीतरी बदललं.

काय बदललं? भारत दूर गेल्यावर बर्माच्या लष्कराला चीननं शस्त्रं आणि बाजार दिला. शिवाय १९८८ नंतर तिथल्या राजवटीनं कडधान्यांचा खासगी व्यापार मोकळा केला आणि भारत मुख्य गिऱ्हाईक बनत गेला. १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित रंगूनला, म्हणजे यांगूनला गेले. जानेवारी १९९४ मध्ये सीमाव्यापाराचा करार झाला आणि १९९५ मध्ये मणिपुरातल्या मोरेहून तो व्यापार सुरू झाला. भारताच्या परराष्ट्र खात्यानं १९८८ चा अनुभव मनात ठेवला: आपण तोंड फिरवलं की रिकामी जागा दुसरा भरतो.

ही भीती प्रकल्पांतही दिसते. म्यानमारच्या श्वे वायूक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा ८.५ टक्के वाटा आहे, पण तिथला बराचसा वायू नळानं चीनला जातो. कलादान प्रकल्पाचा करार २००८ मध्ये झाला. कोलकात्याहून समुद्रानं सित्वे, तिथून नदीनं पलेत्वा, पुढं रस्त्यानं मिझोराम, असा तो मार्ग. सित्वे बंदरात मे २०२३ मध्ये मालवाहतूक सुरू झाली. पण जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा आराकान आर्मीच्या हाती गेलं. ज्या लष्कराला सांभाळून घेतलं, त्याच्याच ताब्यात आपला रस्ता राहिला नाही. तेव्हा 'हितसंबंधांमुळे गप्प राहिले' हे खरं असलं, तरी 'गप्प राहून हित साधलं' हा वेगळा दावा आहे. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका.

एक ताळा: फिजी

आपलं स्पष्टीकरण बरोबर असेल तर जिथं भारताचा व्यापार नगण्य आणि सीमा किंवा चीनचा धाक नाही, तिथं भारत कडक वागायला हवा. मे १९८७ मध्ये फिजीत लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांनी सत्ता घेतली. हटवलेल्या सरकारला भारतीय वंशाच्या लोकांचा मोठा पाठिंबा होता. भारतानं तीव्र निषेध केला, व्यापार तोडला, आणि फिजी राष्ट्रकुलाबाहेर राहावा यासाठी जोर लावला. व्यापार तोडून भारताचं फारसं काही जात नव्हतं.

ताळा जुळतो. पण लक्षात घ्या, फिजीत आपल्या वंशाच्या लोकांचा प्रश्न होता, हे एक जास्तीचं कारण आहे. त्यामुळे हा पुरावा आधार देतो, शिक्कामोर्तब करत नाही.

'देशाचं हित' म्हणजे कोणाचं?

आता परत वालूर. आमच्याकडं सोयाबीनमध्ये तुरीचं तास घालतात. परभणी कृषी विद्यापीठाचं बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६ पेरतात, आणि जानेवारीपासून माल मोंढ्यात येतो. त्याच सुमाराला म्यानमारची 'लेमन' तूरही मुंबई आणि चेन्नईच्या बंदरात उतरू लागते. लातूर, जालना, अकोल्याच्या डाळ मिलला दोन्ही चालतात.

पुस्तकात 'भारताचे आर्थिक हितसंबंध' असं एकवचनी लिहिलेलं असतं. पण म्यानमारवर निर्बंध आले असते तर माझ्या काकांचा फायदा होता. डाळ मिलवाल्याचं नुकसान होतं. पुण्यात खोली करून राहणाऱ्या, महिन्याचा किराणा मोजून भरणाऱ्या माझ्यासारखीचंही नुकसानच होतं. तिघेही भारतीय. सरकारनं महागाईची बाजू धरली आणि तीच 'देशाचं हित' म्हणून पुढं आली. २०१७ मध्ये शेतकऱ्याची बाजू धरली, तेव्हाही शब्द तोच होता.

म्हणून माझ्या चुकीचं मूळ असं: मी सत्तापालट पाहिला, लोकशाही पाहिली, पण दिल्लीत त्या घडीला कोणाचं हित वरचढ आहे ते पाहिलं नाही. २०२१ मध्ये सरकारची चिंता डाळीच्या चढत्या भावाची होती. ते बघायला म्यानमारच्या बातम्या वाचायची गरजच नव्हती. घाऊक बाजाराचे भाव पुरेसे होते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

या विषयावर काम करायचं असेल तर सुरुवात अशी करा.

एक, शब्द, मत आणि व्यवहार यांचे तीन वेगळे रकाने करा आणि प्रत्येकात तारखा भरा. निवेदनं परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात, मतदानाच्या याद्या संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात, आणि आयातीचे आदेश परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनांत. या अधिसूचना रूक्ष असतात, पण भाषणांपेक्षा जास्त सांगतात.

दोन, दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. त्याच देशाचं उलट परिस्थितीतलं उदाहरण शोधा. माझ्यासाठी ते २०१७ होतं.

तीन, 'हितसंबंध' लिहिलं की पुढं कंसात प्रश्नचिन्ह घाला: कोणाचे? शेतकऱ्याचे, ग्राहकाचे, व्यापाऱ्याचे, की लष्कराचे? आणि ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत कोणत्या वाटेनं पोहोचतात?

चार, स्पर्धा मोजायची असेल तर प्रतिस्पर्धी तिथं कधी आला ते बघा. आधी चीन आला आणि मग भारत बदलला, की उलटं? क्रम चुकला की अख्खा युक्तिवाद पडतो. आरआरसीपुढं पहिला प्रश्न हाच येतो, अनुभवानं सांगते.

गेल्या दिवाळीत काकांना हे सगळं सांगितलं. २०१७, समझोता, १९८८, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग यंदा विकू का ठिवू?"

मी म्हटलं, "काका, बर्माचं मला थोडंफार कळतं. पण आयातीची मुदत ३१ मार्चला संपणार की वाढणार, ते आधी बघू." दोघांनी मिळून फोनवर अधिसूचना शोधली. निम्मी पोती काढायची आणि निम्मी ठेवायची, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.